माकडहंडीला काय घालायचं

आमच्या गावात झाडाला उपाशी ठेवणं हा गुन्हा आहे. आम्ही मिरी लावणारी माणसं. वेल खांबावर चढवायचा आणि त्याच्या बुडाशी कोंबडीची विष्ठा, राख, माशांचं कुजवलेलं पाणी, पिशवीतलं निळं खत, जे मिळेल ते ओतत राहायचं. पानं काळीभोर हिरवी होईपर्यंत थांबायचं नाही. ज्याच्या मळ्यातली पानं फिकट, त्याच्याबद्दल चहाच्या दुकानात जे बोलतात ते त्याच्या बायकोच्या कानावर जाऊ नये. माझा नवरा डिहोम या कामात गावात पहिला. त्याचे वेल बघायला रस्त्यावरची माणसं मोटारसायकल थांबवतात. मला बघायला कुणी थांबत नाही, कारण मला तो खत घालत नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढचा सगळा घोळ यातूनच झाला.

डिहोमची आत्या, न्याइन, आमच्याच अंगणात मागच्या लाकडी घरात राहते. नवरा गेला, मूल झालं नाही, गुडघे गेले, जीभ मात्र शाबूत. वर्षभर तिच्याकडे कुणी फिरकत नाही आणि तीही कुणाला बोलवत नाही. पण जूनच्या पहिल्या तारखेला, गवाईच्या, म्हणजे भाताच्या सुगीच्या सणाला, सगळं गाव आधी तिच्या ओट्यावर येतं. माकडहंडीतला भात खायला.

माकडहंडी म्हणजे ती घटपर्णी, किडे गिळणारी वेल. पानाच्या टोकाला मडकं धरते. आमच्याकडची जात जमिनीलगत मडक्यांचे घोस टाकते, लिंबाएवढी, मुठीएवढी, हिरवी, काही तांबड्या ठिपक्यांची. आत्या सणाच्या आधी पाठीला टोपली बांधायची, ओढ्यापलीकडच्या दलदलीत जायची आणि टोपली भरून मडकी आणायची. ती धुवायची, भिजवलेला चिकट तांदूळ आणि नारळाचं दूध भरायचं, पातेल्यात उभी करून वाफवायची. सकाळी प्रत्येक घरातलं माणूस यायचं, मडकं सोलून आतला भात खायचं, तिची दोन बोलणी खायचं, आणि मगच पुढच्या घरी दारू प्यायला जायचं. तिच्या आईनंही हेच केलं होतं. एकटी म्हातारी, पण त्या सकाळी गावाला तिच्या पायरीवर चप्पल काढावी लागायची.

गेल्या ऑगस्टमध्ये कंपनीची यंत्रं आली. पाम तेलाची झाडं लावायला. कंपनीचा माणूस सभेत म्हणाला, ती दलदल पडीक आहे. पडीक म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं: ज्या जमिनीतून त्याला काही मिळत नाही ती. आम्ही म्हणतो ती गावाची आहे. कागद म्हणतो सरकारची. आणि आमचे पुढारी कंपनीनं वाटलेल्या टोप्या घालून पहिल्या रांगेत बसले होते. मी उठून विचारलं, "टोपी काढली तर डोक्यात काही सापडेल का?" पुढे मला कुठल्याच सभेला बोलावलं नाही.

आत्या सभेला आली नव्हती. ती ओढ्यापर्यंत गेली, पलीकडे चाललेलं बघितलं आणि परत आली. टोपली भिंतीच्या खिळ्याला अडकवली.

"पुढच्या सणाला माझ्या ओट्यावर कुणी यायचं नाही," ती म्हणाली. "सांगून टाक सगळ्यांना."

शेजारची फ्लोरिना, जी केक करून विकते, लगेच म्हणाली, "आत्या, कागदी कप देते ना मी. केकचे. त्यात मस्त वाफवता येईल."

"तुझ्या केकलाच ते शोभतात," आत्या म्हणाली. "खाताना कागद कुठला नि केक कुठला कळत नाही."

बाकी तिनं काही केलं नाही. तेच वाईट होतं. सकाळी ओट्यावर बसायची ती संध्याकाळपर्यंत तिथंच. ताटलीतलं अर्धं कोंबड्यांना. कोंबड्यांना शिव्यासुद्धा देईना.

माझी मुलगी एलविना तेरा वर्षांची आहे. प्रश्न विचारायची तिला खाज आहे. ती म्हणाली, "आई, झाडं इथे आणली तर? मडकी घरीच येतील."

"ती रानातली झाडं आहेत."

"मिरीपण कधीतरी रानातलीच असेल ना?"

रविवारी यंत्रं बंद असतात. आम्ही तिघं कोयता आणि पोती घेऊन गेलो. अर्धी दलदल उलटीपालटी झाली होती, काळा चिखल वर, हिरवं खाली. कडेला जे उरलं होतं त्यातून आम्ही वेली मुळासकट काढल्या. एलविना प्रत्येक वेलीला सॉरी म्हणत होती. डिहोम म्हणाला, "कंपनीनं तरी म्हटलंय का सॉरी? चल, ओढ."

घरी आणल्यावर डिहोमनं जे केलं ते गावातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं केलं असतं. त्यानं मळ्यातली सगळ्यात चांगली माती आणली, रंगाचे रिकामे डबे आणले, बुडाला भोकं पाडली, आणि प्रत्येकात ओंजळभर कोंबडीची विष्ठा घातली. वर निळं खत.

"बिचारी त्या चिखलात कुपोषित होती," तो म्हणाला. "आता बघा."

आम्ही बघत राहिलो. जुनी मडकी वाळली, ते अपेक्षित होतं, झाड हलवलं की रुसतं. काही वेली मेल्या. पण बाकीच्यांनी महिन्याभरात अशी पानं काढली की मी स्वतः चाट पडले. हातभर लांब, चकचकीत, जाड. डिहोम रोज संध्याकाळी फडक्यानं पुसायचा. चहाच्या दुकानातले लोक बघायला आले आणि मान डोलावून गेले. आत्यालाही उठवून आणलं.

तिनं एक पान उलटं करून बघितलं. टोकाला बारीक दोरी होती, आणि दोरीच्या टोकाला काही नव्हतं.

"मडकं कुठाय?" तिनं विचारलं.

"येईल," डिहोम म्हणाला. "आधी अंग धरू दे."

"पानात भात शिजवू का मी?" आत्या परत जाऊन बसली.

डिहोमनं त्या रात्री खत वाढवलं. पानं आणखी मोठी झाली. नोव्हेंबर गेला. मडकं नाही. एलविनाला वाटलं, झाड मांस खातं, आपण त्याला मांस देत नाही, म्हणून रागावलंय. पण मडकंच नाही तर मांस घालणार कुठे? तिनं कोंबडीच्या कातडीचा तुकडा पानावर ठेवला. मांजरानं पान फाडून नेलं.

"एलीचे बाबा," मी म्हटलं, "तुमचं लेकरू मिशीला तूप लावून बसलंय, पण तोंडच नाहीय त्याला."

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आमच्या घरात ही शांतता दुर्मीळ असते, मी ती उपभोगली.

नाताळच्या सुट्टीत एलविना न्हाणीघरामागे मांजर शोधायला गेली आणि तिथून तिनं हाक मारली. नुसती "आई" नाही, "आई, बाबा, आजी, सगळे या," अशी. न्हाणीघरामागे आम्ही नारळाच्या किशा, नेच्याची कुजकी खोडं आणि काय काय टाकतो. छपराचं पाणी तिथंच गळतं. डिहोमनं ऑगस्टमध्ये एक तुटकी वेल मेली म्हणून तिथे फेकली होती. ती मेली नव्हती. पानं फिकट पिवळट, बोटाएवढी, बघून डिहोमला लाज वाटावी अशी. आणि तिच्या बुडाशी मडक्यांचा घोस. गुबगुबीत, हिरवी, तोंडं उघडून बसलेली.

आम्ही चौघंही उकिडवे बसलो. आत्यानं एका मडक्यात बोट घातलं, बाहेर काढलं, वास घेतला.

"याला काय घातलंस?" तिनं डिहोमला विचारलं.

"काही नाही. फेकलं होतं."

"आणि त्यांना?"

"सगळं."

एलविना मडक्याकडे बघत होती. "बाबा," ती हळूच म्हणाली, "मडकं म्हणजे त्याचं तोंड ना? मग पोट भरलेलं असलं तर तोंड कशाला उघडेल ते?"

डिहोमचा चेहरा बघण्यासारखा होता. या माणसानं उभ्या आयुष्यात एकही झाड उपाशी ठेवलेलं नाही. त्याच्या बापानं नाही, आज्यानं नाही. तो उठला, डब्यांपाशी गेला, त्या चकचकीत पानांकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी त्यांना कामच ठेवलं नाही."

"जसं पुढाऱ्यांना कंपनीनं," मी म्हटलं.

सुट्टीचा उरलेला वेळ आम्ही चिखलात घालवला. प्रत्येक वेल डब्यातून काढली. मुळं साठवलेल्या पावसाच्या पाण्यात धुतली, खताचा वास जाईपर्यंत. डोंगरावरून नळीनं येतं ते पाणी वापरायचं नाही असं एलविनानं ठरवलं, कारण त्यानं किटलीत पांढरा थर बसतो आणि छपराच्या पाण्यानं बसत नाही. डब्यांत कुजलेली नेच्याची मुळं, नारळाची किशी आणि ओढ्यातली धुतलेली वाळू भरली. डिहोम वाळू धुताना पुटपुटत होता. "वाळू. वाळूत लावतोय मी झाड. माझा बाप वरून बघत असेल."

"बघत असेल तर त्याला सांग, तुलाही जरा उपाशी ठेवायला हवं होतं," आत्या म्हणाली. ओट्यावरून. बऱ्याच महिन्यांनी तिनं आपणहून टोमणा मारला होता, म्हणून कुणी उलटून बोललं नाही.

जानेवारीत मोठी पानं पिवळी पडली. डिहोमला रोज मरणाचा त्रास झाला. एकदा मी त्याला पहाटे कोंबड्यांच्या खुराड्यापाशी मूठ भरताना पकडलं.

"हातात काय आहे?"

"काही नाही."

"काही नाहीला एवढा वास?"

त्यानं मूठ उघडली आणि मिरीच्या मळ्याकडे निघून गेला. मिरीला त्या वर्षी दुप्पट खत मिळालं असणार.

फेब्रुवारीच्या मध्यावर एलविनाला एका पानाच्या दोरीच्या टोकाशी फुगवटा दिसला. तांदळाच्या दाण्याएवढा. मग दुसऱ्या डब्यात. तिथून आमच्या घराचं वेड सुरू झालं. टीव्ही बंद पडला तो दुरुस्त करायला कुणी नेला नाही. जेवण झालं की आम्ही डब्यांपाशी बसायचो. मडकं आधी चपटं असतं, घट्ट मिटलेलं, अंगावर तांबूस लव. मग हवा भरल्यासारखं फुगतं. झाकण अजून चिकटलेलं. आणि एक दिवस झाकण सुटतं. ते कधी सुटतं हे बघायचं म्हणून डिहोम शनिवारी मळ्यात गेला नाही. दिवसभर बसला. लघवीला गेला तेवढ्यात ते सुटलं.

"मुद्दाम केलं," तो म्हणाला.

आत काय सापडलं? पाणी. पाऊस पडलेला नसताना, झाकण नुकतंच उघडलेलं असताना आत पाणी. झाडानं स्वतः भरलेलं. एलविनानं जीभ लावून बघितलं, मी ओरडायच्या आत. "कशाचीच चव नाही," ती म्हणाली. तिला वाईट वाटलं.

मग खायला घालण्याचे प्रयोग. आता तोंडं होती ना. एका मडक्यात तिनं मुंग्या सोडल्या, एकात कोंबडीची कातडी, एकात काही नाही. कातडीचं मडकं आठवड्यात काळं पडलं आणि असं घाणलं की फ्लोरिनानं कुंपणावरून विचारलं, "आग्नेस, तुमच्याकडे कुणी गेलंय का?" मुंग्या आत पडायच्या, थोड्या बुडायच्या, पण बऱ्याच काठावरून ऐटीत चालत निघून जायच्या.

"हे कसलं शिकारी झाड," डिहोम म्हणाला. "मुंग्या त्याच्या ओठांवरून वरात काढतायत."

सगळ्यात जोमात होतं ते न्हाणीघरामागचं. त्याच्या मडक्यांत डोकावलं तर तळाशी रांबुटानची कुजलेली पानं. वरच्या फळझाडाची. तेव्हा आम्हाला झाकणाचं कळलं. या जातीचं झाकण तोंडावर येत नाही, मागे वळलेलं असतं. वरून जे पडेल ते आत. पान पडलं तर पान.

"पाला खातंय," डिहोम म्हणाला. त्याला धक्काच बसला होता. "मांस खाणारं झाड म्हणून आणलं आणि निघाली बकरी."

"दोन्ही खातंय बाबा. जे मिळेल ते."

"आत्यासारखं," मी म्हटलं.

"मी ऐकतेय," आत्या म्हणाली. पण ती ओट्यावरून नव्हती बोलत. ती आमच्या मागेच उभी होती, आणि तिच्या मुठीत रांबुटानची वाळकी पानं होती. तिनं ती प्रत्येक मडक्यात एकेक टाकली, मीठ टाकावं तशी.

मार्चपासून ती मडकी मोजू लागली. तोंडानं नाही, नजरेनं. मला ती नजर माहीत आहे, सणाआधी कोंबड्यांवरून फिरते ती. मडकी मुठीएवढी होत होती. सगळ्या गावाला एकेक पुरणार नाहीत हे उघड होतं, पण ओटा बंद ठेवायची गरज नव्हती. एका सकाळी खिळ्यावरची टोपली खाली होती. आत्या तिचा सुटलेला वेत नीट करत बसली होती. मी चहा दिला. तिनं सगळा प्यायला.

आणि मग एप्रिलमध्ये आवाज यायला लागला.

सूर्य मावळला की डब्यांतून कुणीतरी करकर करायचं. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखं. डिहोम म्हणाला रातकिडा. मी म्हटलं पाल. जवळ गेलं की बंद. लांब गेलं की सुरू. आम्ही चौघं चार कोपऱ्यांत चवड्यांवर बसायचो, चोरांसारखे. फ्लोरिना कुंपणावरून बघायची आणि तिच्या नवऱ्याला बोलवायची.

एलविनानं शोधलं. ती एकटीच दोन तास न हलता बसली, शाळेत जे तिला कधीच जमलं नाही. एका मडक्याच्या काठाच्या आत, पाण्याच्या वर, एक बेडूक चिकटला होता. माझ्या करंगळीच्या नखावर बसून वर जागा उरेल एवढा. तपकिरी. त्याचा गळा फुगला की तोच त्याच्याएवढा व्हायचा.

तो कुठून आला, देव जाणे. आम्ही आणलेली मडकी तर कधीच वाळून गेली होती. ओढा ओलांडून आला असेल. दलदल उलटी झाली, तेव्हा त्याच्या घरी कुणी सभा घेतली नसणार.

मेमध्ये मडक्यांच्या पाण्यात काळे ठिपके हलू लागले. एलविनानं चमच्यानं एक उचलला. शेपूट होती.

"बेडकाची पिल्लं," ती म्हणाली. "ती मडक्यातच वाढतात. आई, हे त्यांचं घर आहे."

मला कळलं पुढे काय येणार. मला राग आला, कुणाचा ते ठरवता येईना. मी म्हटलं, "एली, ही मडकी आजीसाठी लावलीत. हे विसरायचं नाही."

"मी विसरले नाही. पण तेव्हा बेडूक नव्हता."

"सणाला काय सांगू तिला? बेडूक राहायला आलाय, तू परत जाऊन बस?"

डिहोमनं तोंड उघडलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं मिटलं.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी आत्या आली. पाठीला टोपली, हातात तिची छोटी सुरी. एलविना डब्यांसमोर उभी राहिली. हात पसरून वगैरे नाही, नुसती उभी. पण बाजूला होईना.

"सरक," आत्या म्हणाली.

"आजी, आत पिल्लं आहेत."

"असतात. दलदलीतपण असायची."

"मग तू काय करायचीस त्यांचं?"

"मडकं उलटं करायचं, पाणी सांडायचं, टोपलीत टाकायचं. काय करणार?"

एलविनाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं आता आत्या तिला झाडणार, आणि मी कुणाच्या बाजूनं बोलायचं ते मी ठरवत होते. पण आत्या खाली बघत होती. डब्यांच्या खाली. आमचं अंगण डिहोमनं मिरी वाळवायला सिमेंटचं करून घेतलंय, साफ, कोरडं, उन्हानं तापलेलं.

तिनं गुडघ्यावर हात टेकवले आणि हळूहळू बसली. एक मडकं वाकवून आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तिथं चिखल होता," ती म्हणाली. "पाणी सांडलं तरी खाली पाणीच. वीतभर अंतरावर दुसरं मडकं. मी कधी बघितलं नाही कुठे जातात ते. बघायची गरजच नव्हती."

खुराड्यातली एक कोंबडी तेवढी बोलली.

"चमचा आण," आत्या म्हणाली.

"कसला?"

"भाताचा नको, चहाचा. आणि वाटी. आणि रडणं बंद कर, नाक गळतंय ते मडक्यात पडेल."

सकाळभर त्या दोघी बसल्या. प्रत्येक मडक्यातलं पाणी वाटीत, वाटीतून चमच्यानं पिल्लं, ती न्हाणीघरामागच्या घोसात. तिथल्या मडक्यांना हात लावायचा नाही असं आत्यानं जाहीर केलं, जणू ते तिलाच सुचलं होतं. ज्या मडक्यांत खूप पिल्लं होती तीही ठेवली. प्रत्येक वेलीवर बाहेरची दोन कापायची, आतली सोडायची. शेवटी टोपलीचं बूड जेमतेम झाकलं. दलदलीतून ती आणायची त्याच्या चौथाईसुद्धा नाही.

मी म्हटलं, "आत्या, गावाला पुरणार नाहीत."

"मला दिसतंय. डोळे नाही गेले, गुडघे गेलेत."

"मग?"

"मग काय. अर्धं अर्धं खातील. नाहीतरी सगळ्यांची पोटं सुटलीत."

मग तिनं सुरी डिहोमच्या हातात दिली. वेलींचे लांब झालेले शेंडे दाखवले. "हे काप. मिरीचे कापतोस तसे. तुझ्याकडे डबे आहेत ना? तितके भर. नेच्याची मुळं आणि वाळू. खताच्या पिशवीकडे बघितलंस तर हात कापीन."

सणाच्या सकाळी गाव आलं. फ्लोरिना सगळ्यात आधी, कारण तिला बघायचं होतं की खरंच आहेत का. आत्या पायरीवर बसली होती, नवा सारोंग नेसून. एकेक मडकं ती मधोमध चिरायची, अर्धं एका घराला, अर्धं दुसऱ्याला. भाताला तोच वास होता, ओल्या पानाचा आणि नारळाचा. सभेत पहिल्या रांगेत बसलेला एक पुढारीही आला. टोपीशिवाय. आत्यानं त्याला सगळ्यात लहान मडक्याचं अर्धं दिलं, आणि म्हणाली, "उरलेलं कंपनीकडून माग."

आणि प्रत्येकाला जाताना एकेक डबा. वाळूत खोचलेला शेंडा, दोन पानं.

"हे काय आत्या?"

"पुढच्या वर्षी मडकं तुमचं, भात माझा. मडकं नाही तर भात नाही."

"मांस खातं ना हे? काय घालायचं याला?" फ्लोरिनानं विचारलं.

"काही घालायचं नाही."

"म्हणजे रोज थोडंसं...?"

"काही नाही, फ्लोरिना. पावसाचं पाणी. वरून वाळकं पान पडलं तर पडू दे. तुला जमेल का? सांग, नाहीतर डबा परत दे."

"जमेल की. त्यात काय अवघड."

सगळ्यांनी मान डोलावली. मिरी लावणारी माणसं. मी त्यांचे चेहरे बघत होते, आणि डिहोम माझ्या शेजारी उभा राहून खालमानेनं हसत होता. त्याचं नि माझं एकाच वेळी एकाच गोष्टीवर एकमत झालं, असं लग्नानंतर फारसं झालेलं नाही.

जुलैमध्ये फ्लोरिनानं कुंपणावरून हाक मारली. "आग्नेस, ये ना बघायला. काय पान आलंय. केवढं मोठं. चकचकतंय नुसतं."

"मडकं आहे का?"

"मडकं नाही गं अजून. पण पान तर बघ."

"काय घातलंस?"

ती कुंपणाची काठी चाचपू लागली.

"फ्लोरिना."

"चिमूटभर. अगदी चिमूटभर. मला बघवेना त्याची अवस्था."

मी आत्याला सांगायला गेले. तिला आधीच माहीत होतं. सकाळपासून ती दुसऱ्या घराच्या, तिसऱ्या घराच्या अंगणात शिरून आली होती, आणि सगळीकडे पानं मोठी होती. ती शिव्या देत होती. फ्लोरिनाला, पुढाऱ्याच्या बायकोला, डिहोमच्या बापाला, मिरीला. टोपलीत धुतलेली वाळू आणि नेच्याची मुळं भरत होती. एलविनानं पावसाच्या पाण्याचा कॅन उचलला.

"आजी, सगळ्यांकडे जायचं?"

"सगळ्यांकडे. एकेकाचं मूळ धुऊन येऊ. कामधंदे नाहीत का मला," आत्या म्हणाली, आणि टोपलीचा पट्टा कपाळावर घेऊन उठली.